शिडीवरच्याले हाक

मोहगाव, ता. सौंसर
४ नोव्हेंबर २०२५

चि. तेजस्विनीस अ. उ. आ.

तू फोन उचलून नाही राहिली म्हणून कागद धरला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, लागलं नाही तर हॉस्टेलात कोणाकडून वाचून घेजो.

विमान उतरता उतरता उलटलं, तुह्या खांद्याले मार लागला अन् शिकवणारे गौरव सर तिसऱ्या दिवशी गेले, इतकंच तुह्या बापानं सांगतलं. तुही माय जामसांवलीच्या मारुतीले नारळ देऊन आली, तवापासून धड जेवली नाही. मी दोन्ही टाइम जेवली. मले रडू नाही आलं. तुले आलं का?

तिगावची वैशाली पुसून गेली, आता पोरीचं लग्न कसं होईन. तिले म्हटलं, मोडलं ते विमान, पोरगी नाही.

संत्रा तोडणं सुरू हाय. आपला गडी राजू शिडीवर, मी खाली क्रेटं भरून राहिली. काय झालं ते नेमकं लिही. देवाले मधात आणू नको.

शेवटी लोभ ठेव असं लिहा लागते. लोभ नसला तरी चालीन, कागद टाक.

तुही आजी,
वच्छला

हॉस्टेल
१० नोव्हेंबर २०२५

ती. आजीस शि. सा. न.

अक्षर लागलं. रडू मलाही आलं नाही. जेवते, झोपते, खांद्याची पट्टी बदलून घेते.

नेमकं लिहिते. छोटं विमान, सीट दोनच. त्या दिवशी सर स्वतः उतरवत होते. धावपट्टीजवळ वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी असते. वारा आमच्या पाठीमागून होता. दुसऱ्या बाजूनं उतरायला हवं होतं, पण त्यासाठी अजून एक फेरी मारावी लागली असती. सरांनी नाही मारली. वेगाचा काटाही जास्त होता. अर्धी पट्टी मागे गेल्यावर चाकं टेकली, विमान उसळलं, मग पुढच्या चाकावर आपटलं. चाक मोडलं आणि आम्ही उलटलो.

आजी, नळी मला दिसली होती. काटाही दिसला होता. परत वर घ्या, एवढं शिकाऊनंही म्हणायचं असतं, ते आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. मी म्हटलं नाही. तू संत्र्याच्या वाडीत लहानपणापासून सांगायचीस, शिडीवर चढलेल्याशी बोलायचं नाही, त्याचं चित्त हलतं. सरांकडे पाहताना मला तेच आठवलं.

चौकशीवाल्यांना मी सांगितलं की मला काहीच दिसलं नाही. आता सगळे ब्रेकचं नाव घेतात. ब्रेक तपासणाऱ्या आशिषदादाला घरी बसवलंय. २४ तारखेला बयानावर सही आहे. खरं लिहिलं तर दोष गेलेल्या माणसावर जातो आणि माझ्यावरही. मग मला परत उडू देतील की नाही, माहीत नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. तू मात्र रागावलीस तरी लिही.

तुझी,
तेजू

मोहगाव
१६ नोव्हेंबर २०२५

चि. तेजूस अ. उ. आ.

मायले नाही सांगतलं.

ते बोलणं माह्यं होतं, खरं हाय. कुठून आलं ते कोणालेच माहीत नाही. तुहा आजा शिडीवर होता. मी खालून हाक मारली, चहा झाला म्हणून. त्यानं वळून पाहिलं अन् पडला. नऊ वर्षं खाटेवर काढली त्यानं. लोकाईले मी सांगतलं, शिडी सरकली. मंग घरात कायदा केला, शिडीवरच्याशी बोलायचं नाही. चहासाठी हाक मारली होती मी, अन् कायदा सगळ्या हाकांवर लावला. तो तू विमानात घेऊन गेली.

बयान खरं लिही. आशिषच्या घरी चूल पेटते का नाही, ते तू पाहून राहिली का? सर गेले, त्याईले आता कोणी नोकरीवरून काढत नाही. तुले उडू दिलं तर उड. नाही दिलं तर इकडं ये, क्रेटं भराले हात कमी हायेत. मी खोटं बोलून चाळीस वर्षं काढली. जेवण जाते, झोप येते, बाकी काही होत नाही. तसं जगायचं असंल तर खोट्यावर सही कर.

काल राजू शिडीवर होता. खालची पायरी खिळ्यातून निघून राहिली होती. माह्या तोंडाले कुलूपच लागलं. मंग ओरडली, राजू, हालू नको, पायरी निघाली. तो थांबला. मी शिडी धरली, तो उतरला. म्हणते कसा, आजी, तुमचा तर कायदा होता.

कायदा मोडला म्हणून सांगतलं त्याले. तुलेही सांगून राहिली.

सही झाली की फोन उचलजो.

वच्छला