सगळं विसरणारा राउटर

आई, तुले आधी राउटर म्हणजे काय ते सांगावं लागेल. भिंतीवर टांगलेला एक डबा, त्यातून घरभर इंटरनेट येते. आणि इंटरनेट काय ते विचारू नको, मलेही धड सांगता येणार नाही. तू गेली तेव्हा रायपूर नुसतं रायपूर होतं. आता राजधानी आहे, पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीतही घरोघरी हा डबा आहे. आमचा मात्र वेंधळा निघाला. लाइट गेली की सगळं विसरायचा. इन्व्हर्टर आहे, पण तो लागेपर्यंत याची शुद्ध हरपायची. मग पासवर्डापासून सगळं नव्यानं भरून द्या, तेव्हा साहेब जागे होणार. मोबाइलचं नेट तर या गल्लीत आलं तर आलं.

तुझ्या नातीले तू पाहिलं नाही. जमिनीखालचं पाणी शोधायचं शिकली ती. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, पण पोट्टी गुणाची आहे. तिची नोकरीची मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर होती. अर्ध्यात लाइट लुकलुकली आणि राउटर गार. मी सगळं भरेपर्यंत त्यांनी पुढचा उमेदवार घेतला. त्या रात्री पोट्टी भरल्या ताटावरून उठली. पुढं त्यांनी मेहरबानी केली, सोमवारी पुन्हा बोलावलं, पण यानंतर संधी नाही हेही कळवलं. नेट कंपनीचा माणूस येऊन सगळं भरून गेला. दीदी, चालू हो गया म्हणाला, पुन्हा बिघडला तर नवा देतो, पण तो बुधवारी येईल. हिरवा दिवा लागला, पोट्टी खुश. मले मात्र तू आठवली.

रेल्वे क्वार्टरातलं आपलं स्वयंपाकघर. बाबा गार्ड, दोन-दोन दिवस गाडीवर. फ्यूज उडाला आहे, आणि तू, चौथी शिकलेली बाई, मेन बंद करून, बाबांची रबरी चप्पल घालून पाटावर उभी आहे. जुन्या वायरीतली बारीक तार फ्यूजात गुंडाळून राहिली. मी कंदील धरून आहे. बल्ब पेटतो, मी टाळ्या वाजवते. तू चटकन बल्ब बंद केला आणि मले झापलं, "टाळ्या काहून वाजवते? पेटला म्हणजे दुरुस्त झाला असं नसते. बंद करून पुन्हा पेटव, तेव्हा खरं." साऱ्या मोहल्ल्यातले लोक फ्यूज उडाला की तुले बोलवाले यायचे. तुझ्यामागं मी कंदील घेऊन अशी ताठ चालायची, जशी काही मीच दुरुस्त करणार.

तर रविवारी सकाळी मी चालता राउटर स्वतःच बंद केला. पोट्टी वैतागली, चल रहा है तो छेड़ो मत ना, मम्मी. पेटवला, तर सगळं विसरलेला. म्हणजे लाइटीचा दोषच नव्हता, हा बेटा लक्षातच ठेवत नव्हता. राजधानी झाल्यावर आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले, तेव्हा बाकीच्या हात लावाले भ्यायच्या, मी नाही भ्याली. आता या डब्याले काय भ्यायचं? एकच गोष्ट बदलायची, सेव्ह दाबायचं, बंद करून पेटवायचं. गेलं. पुन्हा केलं, पुन्हा गेलं. मग त्याच्या सेटिंगचं एकेक पान वाचत बसली, इंग्रजी अडलं तिथं पोट्टीले विचारलं. अगदी शेवटच्या पानावर, कोपऱ्यात आणखी एक बटन निघालं. पहिलं सेव्ह नुसतं तेवढ्यापुरतं. कायमचं ठेवायचं तर हे दुसरं दाबावं लागते. आम्ही सगळ्यांनी पहिलंच दाबून हात झटकले होते. दुसरं दाबलं, दिव्यांची लुकलुक थांबू दिली, बंद केला, पेटवला. सगळं जिथल्या तिथं. तरी आणखी दोनदा बंद करून पाहिला. पोट्टीनं कपाळावर हात मारला.

सोमवारी ती आत बोलून राहिली होती आणि मी स्वयंपाकघरात भेंडी चिरायचं निमित्त करून दारातून डब्यावर नजर ठेवून होती. अन् गेली ना लाइट! इन्व्हर्टर लागला, डबा काळाठिक्कर. मग एक दिवा लागला, दुसरा लागला, आणि हिरवा, कोणी हात न लावता. आतून पोट्टीचा आवाज आला, "माफ कीजिए सर, लाइट चली गई थी. हाँ, तो मैं कह रही थी..." आणि ती पुढं बोलतच राहिली.

तिची निवड झाली, आई. आता अभनपुरकडच्या गावांत विहिरीचं पाणी तपासत फिरते. पोट्टीनं नाव काढलं म्हणतात सगळे, मीही म्हणते. हे पत्र टाकायले पेटी नाही, म्हणून पोट्टीच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवून देते. कारण तुले म्हणून सांगते, निवडीची बातमी आली तेव्हा मी नुसती हसली. तो हिरवा दिवा आपला आपण लागला, तेव्हा मात्र रडली होती. या वेळी मी नुसती कंदील धरणारी नव्हती, दुरुस्त करणारी होती. पोट्टीनं बाहेर येऊन माझे डोळे पाहिले, तिले वाटते, मी तिच्यासाठी रडली. तिले तसंच वाटू दे.