धानोऱ्याच्या घराचे तीन वाटे

मी सुपडू चुडामण वाघ, वय एकाहत्तर, धंदा गवंडीकाम (आता बंद), मूळ राहणार धानोरा, हल्ली भाड्याने नंदुरबार. डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने हे लिहून ठेवतो.

१. धानोऱ्याचं घर माझ्या कमाईचं, माझ्या हातचं. पत्नी रुक्मिणीबाई पायरीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, तिला चढउतार होईना, म्हणून २०२३ च्या दिवाळीनंतर ते विकलं. आलेले एकवीस लाख माझ्या एकट्याच्या नावे मुदतठेवीत आहेत. एकट्याच्या नावे ठेवले, ही माझी चूक.

२. आमची एकुलती एक मुलगी भूमिका लग्नाआधी नऊ वर्षं सुरतला दवाखान्यात परिचारिका होती. घराचा स्लॅब आणि मागच्या दोन खोल्या तिच्या पगारातून झाल्या. खरेदीखताच्या दिवशी तिने विचारलं, "आबा, मन्हा हिस्सा?" माझा धाकटा भाऊ अमृत शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "पोरले कसाना हिस्सा? तिन्हं लगीन करी दिन्हं ना." मी त्याला गप्प करायला हवं होतं. उलट चार लोकांत मीच तिला म्हणालो, "तुन्हं काय व्हतं त्यामा?" ती चहा न घेता गेली. दोन दिवाळ्या आली नाही.

३. या दोन वर्षांत रुक्मिणी मला एवढंच म्हणाली, की स्लॅबच्या वर्षी पोरगी अंगात ताप असताना ड्यूटीवर परत गेली होती. मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

४. गेल्या महिन्यात मी चेक घेऊन रेल्वेने सुरतला तिच्या सासरी गेलो. भूमिकेने तो हातात घेतला नाही. म्हणाली, "माले पैसा नको, आबा. ते घर मन्हं बी व्हतं, इतलं एकदाव सांग." ते न सांगताच मी चेक खिशात ठेवला. तसाच परत आलो.

५. म्हणून इथे लिहितो : ते घर भूमिकेचंही होतं.

६. ठेवीचे तीन सारखे वाटे करावेत. एक भूमिकेचा. तिला नको असला तरी तिचाच. एक रुक्मिणीचा. तिसरा माझा, तोही रुक्मिणीला. तिच्या औषधपाण्यातून, भाड्यातून जे उरेल ते तिच्यामागे भूमिकेला. रुक्मिणी माझ्याआधी गेली, तर सगळंच भूमिकेला.

७. थाप्या, ओळंबा, गुण्या ही हत्यारं माझ्या हाताखाली काम शिकलेल्या भिलाला द्यावीत. अमृतला काही नाही. त्याने मयताला यावं, मुलीला शिकवू नये.

८. काल रुक्मिणीने मला फोन लावायला सांगितला आणि पाचवं कलम भूमिकेला वाचून दाखवायला लावलं. मी दोनदा अडखळलो. वाचून झाल्यावर भूमिका म्हणाली, "आबा, जेवना का?"

जेवलो नव्हतो. हो म्हणालो.

याआधीचं मृत्युपत्र मी फाडलं आहे. आता यात बदल करायची ताकद नाही, इच्छाही नाही.

ठिकाण : नंदुरबार
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

सही : सुपडू चुडामण वाघ

लिहिणाऱ्याने आमच्यादेखत सही केली, आम्ही त्याच्यादेखत केली :
१. उदेसिंग गिरासे, शेजारी
२. वाहरू पाडवी, घरमालक