काकांच्या जानव्याची चावी

प्लेनो, दसरा, २००४

शस्त्रपूजेला विनूकाकांची शिकारीची रायफल पाटावर मांडायची, असं काकूच्या मनात होतं. मीही री ओढली, मला ती बघायचीच होती. काकांची चार वर्षांची नात रिया तर बंदुकीच्या तिजोरीसमोर फतकल मारून बसलेली. "आजोबा, ओपन इट!"

तिजोरीची चावी काकांच्या जानव्याला असते. आंघोळीतसुद्धा.

"पोर घरात असताना उघडणार नाही," काका म्हणाले.

"रिकामीच आहे ना, काका?"

"गाढवा, बंदूक कायम भरलेलीच समजायची. म्हणून तर गोळ्या वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवतो."

"मग पूजा कशाची करू, तुमच्या जानव्याची?" काकू कडाडली.

शेवटी तिनं बंद तिजोरीलाच हळदकुंकू वाहिलं, झेंडू सेलोटेपनं चिकटवला. या सगळ्यात माझी ऑस्टिनची बस चुकली. उद्या जाईन. की परवा?

पूजेनंतर उघड्या अंगानं बसलेल्या काकांच्या मांडीवर रिया जानवं ओढत ओढत झोपली. जानवं तिच्या मुठीत, चावी काकांच्या मुठीत, दुसरा हात तिच्या डोक्याखाली. श्रीखंड काकूनंच भरवलं त्यांना, हळू आवाजात शिव्या देत.