माधुरीच्या गळ्यात माळ नाही

शुक्रवार, संध्याकाळ. इंदिरानगर.

रागात लिहितोय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे. माधुरी, माझी नात, आज कोकणातून आली आणि तिचा गळा मोकळा. तुळशीची माळ मी स्वतः घातली होती तिला, आम्ही देवळा गावी राहत असताना. ती कोळ्यांच्या गावात राहून संशोधन करते. समुद्राचा कुठला भाग कधी मासेमारी थांबवून राखायचा हे ते लोक आपसांत कसं ठरवतात, सरकारचे नियम त्यांना का पटत नाहीत, असलं काहीतरी. समुद्र सरकारचा, मासे कोळ्यांचे. हिला कशाला ही उठाठेव?

"मासे खाल्लेस?" मी विचारलं.

"खाल्ले, आबा. म्हणून माळ आधी उतरवली. वही काढली की तिथल्या बायका गप्प होतात, जेवायला बसलं की बोलतात. त्यांचं ताट परत करून त्यांना प्रश्न कसे विचारू?"

"मग भाकरी-चटणी मागायचीस! सातवी शिकलेल्या मलाही एवढं कळतं."

मी तिच्याबरोबर जेवायला बसलो नाही. सूनबाई म्हणाली, "आबा, पोर प्रवासातून आलीय, निदान आज तरी..." ऐकलं नाही. चुकलं का माझं? नाही चुकलं. तो मोकळा गळा समोर असताना घास उतरला असता का?

शेवटी ओरडलोच, "माळकऱ्याच्या पंगतीत तुला जागा नाही!"

"कोळ्यांच्या पंगतीत आहे, आबा," ती म्हणाली.

रागाने नाही, सहज म्हणाली; मी खोलीत येऊन ही वही उघडली.