चारशे बारा माणसं पुसली त्याची हकीकत

पासो ओंदो, १४ ऑगस्ट

ती. इसाउरोदादास, एवारिस्तोचा नमस्कार.

तुझी कंबरदुखी आणि वहिनींचा तुझ्यावरचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा आहे. आईची तब्येत उत्तम, म्हणजे ती सगळ्यांशी भांडते आहे. माझं विचारशील तर डावा दंड दुखतो. त्याचंच सांगतो.

इथल्या आरोग्य केंद्रासाठी रक्तदात्यांच्या यादीचा प्रोग्रॅम मी केला, हे तुला ठाऊकच आहे (तू तुझ्या संगणकाच्या वार्तापत्रात कौतुक छापलंस, त्याच्या वीस प्रती मी स्वतः वाटल्या). यादीत चारशे बारा माणसं, पैकी नऊ स्वर्गवासी. रक्त मागायला त्यांच्या घरी फोन जाऊ लागले, बायका रडू लागल्या, तेव्हा केंद्रातल्या देओलिंदाबाई म्हणाल्या, "एवारिस्तो, मेलेल्यांना सोड रे आता." म्हणून गुरुवारी सकाळी येर्बाच्या कडू चहाचा पेला शेजारी ठेवून बसलो. आपला जुना डेटाबेस किती समंजस! 'खोड' म्हटलं तर नावावर नुसती खूण करतो. 'पॅक' म्हटलं की मगच खुणेची माणसं कायमची पुसतो. मी फक्त 'मयत असेल तर' ही अट लिहायला विसरलो. खूण सगळ्या गावावर झाली, आणि मी पॅक केलं. मग घाबरून प्रोग्रॅम बंद केला. बंद होताना तो आपोआप नवी प्रत काढतो (ही सोयही माझीच). भरलेली जुनी प्रत जाऊन तिथे रिकामी यादी जपून ठेवली गेली.

तेवढ्यात देओलिंदाबाई धावत आल्या. लिसांद्रो गवंड्याची बायको ओतिलिया बाळंत झाली होती, मुलगी झाली, पण रक्त थांबेना. शून्य निगेटिव्ह हवं होतं (ओ गटाला आपण शून्य म्हणतो, त्यातूनच पुढचा घोळ). जिल्ह्याहून गाडी यायला दोन तास.

"किती निघाले?"

"शून्य."

"गट नाही रे, माणसं किती?"

"माणसंच शून्य, बाई."

त्या ओरडल्या नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. क्षणभर डोळे मिटून म्हणाल्या, "बेनिग्नो खाटीक. शाळेतल्या सिस्टर आम्पारो. आणि पोस्टातला तो, सुई टोचून घेताना गातो तो." तिघांना फोन लावले आणि माझ्याकडे वळल्या. "तुझा गट कोणता?"

दादा, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. यादीत माझं नाव विसरून राहिलं नव्हतं. सुईला भिऊन मीच ते घातलं नव्हतं. हळूच गट सांगितला.

"मग चारशे तेरावा तू."

"पहिला," मी म्हणालो. यादी रिकामीच होती ना.

नुसता कापूस पाहून मला चक्कर आली. शुद्धीवर आलो तेव्हा बेनिग्नोने माझा हात धरला होता, आणि पोस्टातला गात होता, फार वाईट. दारात लिसांद्रो उभा, हाताला सिमेंट तसंच. "वाचली," एवढंच म्हणाला आणि मला मिठी मारून रडायला लागला. मीही रडलो. गेल्या वर्षी भिंतीच्या भांडणावरून आम्ही दोघे कचेरीपर्यंत गेलो होतो, तुला आठवत असेल.

त्यानंतर घरोघर हिंडून नावं पुन्हा गोळा करतो आहे. "काय रे, मला पुसलंस म्हणे?" असं प्रत्येक जण विचारतो आणि केक खायला घालतो. दोन किलो वजन वाढलं. यादी चारशे एकोणचाळीसवर गेली आहे, सगळे जिवंत.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. 'तुमचा डेटा कधीही न गमावण्याचे सात उपाय' हा मी पाठवलेला लेख पुढच्या अंकात कृपा करून छापू नकोस. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

आणखी एक. पाकीट चिकटवण्याआधी देओलिंदाबाईंनी पत्र वाचलं. तुझाही गट शून्य निगेटिव्ह आहे, हे मी बोलून बसलो. शनिवारी सकाळी नऊची वेळ त्यांनी तुझ्या नावावर लिहून घेतली आहे. वहीत, शाईने. तिथून मला काही पुसता येत नाही.