जिन्याचं वय

लाडक्या ताई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय.

खाडीकाठची आपली आठ घरं जुन्या वास्तूंच्या सरकारी जतन यादीत आली तेव्हा तू फोनवर हसली होतीस, "आता तूसुद्धा ऐतिहासिक!" म्हणून. घरांची माहिती मीच लिहून दिली होती. आपलं घर यादीत बसावं म्हणून जिना दीडशे वर्षांचा आहे, असं ठोकून दिलं. तुला आठवतंच, बाबांनी तो मोडक्या होडीच्या फळ्यांतून करवून घेतला, तेव्हा मी तिसरीत होते. शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेल्या अक्षरात खोटंसुद्धा किती सभ्य दिसतं गं!

ह्यांचे पाय लुळे पडले त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ते वरच्या मजल्यावरच आहेत. खुर्चीत बसवून खाली आणायला गेलो, तर खुर्ची वळणावर अडकते. जिना रुंद करायची परवानगी मागितली, तर जतन कचेरीतले साहेब म्हणाले, "बाई, इतक्या जुन्या जिन्याला हात कसा लावणार? तुम्हीच तर लिहिलंय."

खरं सांगावं, तर माझं सगळंच लिखाण खोटं ठरेल आणि नव्या रस्त्यासाठी आठही घरं पाडतील. शेजारी अजून मला दुवा देतात.

काल ह्यांच्यापाशी सगळं कबूल केलं. माझा हात थोपटत म्हणाले, "वेडी आहेस. इथून खाडी किती छान दिसते!"

ताई, त्यांचा पलंग मागच्या खोलीत आहे. तिथून फक्त शेजारच्यांची भिंत दिसते.

तुझीच,
धाकटी