सुकाणूवरचा माझा अर्धा

नारळी पौर्णिमा, २००५. रत्नागिरी

मामावर चिडून उपयोग नाही. तरी चिडलेय. इपॉक्सीत नॅनो माती कालवून केलेला माझा गंजरोधक लेप त्याच्या लाँचच्या लोखंडी सुकाणूवर अर्ध्या भागात लावला होता, उरलेल्या अर्ध्यावर साधा रंग. वर्षभर खाऱ्या पाण्यात राहून कुठला अर्धा गंजला, ते बघायला आज जयगडला गेले. तर अख्खं सुकाणू निळंशार, वर हळदकुंकू!

"सणाला करडं ठिगळ बरं दिसतं काय गो?" मामा म्हणाला.

गंज होता का, विचारलं.

"कोण बघतो? पण तुझा अर्धा काही निघता निघेना. घासून घासून दोघा खलाशांचे हात सोलले."

वर नारळाचा प्रसाद दिला. घेतला.

उद्या पीएचडीचे गाइड पुरावा मागतील. काय दाखवू? त्या दोघांचे हात?